बिनरंगाची सायकल

पडद्यावरचा पाय बघून तिला आधी रागच आला. पाय थोडा आत वळवून घ्यायला हवा होता. गुडघा सरळ समोर बघत नव्हता, आणि त्यामुळे खुब्याजवळचा भाग आखूड दिसत होता. एक्स-रे खात्यात इतकी वर्षं काढल्यावर दुसऱ्यानं काढलेल्या चित्रातला वाकडेपणा तिच्या डोळ्यांना आधी खुपायचा, मोडलेलं हाड मागाहून दिसायचं. "कुणाचा गं हा? नीट झोपवलं नाहीस पेशंटला," ती धाकटीला म्हणाली. धाकटी म्हणजे खात्यात नवीन लागलेली मुलगी, कामाला चोख पण जरा भिडस्त. तिनं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा ताईंच्या पायाकडं. मग हळूच म्हणाली, "ताई, तुमचाच आहे. आत्ता नाही का काढला आपण?" तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आपण अजून एका पायात बूट घालून उभ्या आहोत, दुसरा बूट हातात आहे, आणि ज्या बाईला नीट झोपता आलं नाही म्हणून आपण करवादलो ती बाई आपणच. ती हसली. धाकटीही सुटल्यासारखी हसली. पण हसता हसता तिची नजर पुन्हा पडद्यावर गेली, आणि या वेळी ती तिथून हलेना.

स्वतःची मांडी तिनं आजवर आतून बघितलीच नव्हती. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एक्स-रे दाखवायला आणला होता, तेव्हा तिनं भिंतीकडं तोंड केलं होतं. रोज दुसऱ्यांना धीर देणारी बाई स्वतःच्या वेळी अगदी लहान पोर झाली होती. आता ती मांडी समोर होती. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत हाडाच्या पोकळीतून एक सळई सरळ उतरली होती, वर-खाली आडवे स्क्रू. पोलादाची सळई चित्रात डोळ्यांत खुपेल इतकी पांढरी येते. ही तशी नव्हती, जरा मवाळ होती, म्हणजे टायटॅनियम. एवढं तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण तिला थक्क केलं ते सळईभोवतीच्या हाडानं. जिथं दोन तुकडे एकमेकांपासून सुटले होते तिथं आता नवं हाड दाटून आलं होतं, जुन्यापेक्षा थोडं जाड, ढगाळ, कडा विरघळलेल्या. ते सळईला बिलगून होतं. अशी हजारो हाडं तिनं बघितली होती आणि "भरलंय छान" असं म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली होती. आपल्या आत, आपण कुरकुर करत असताना, रुसलेल्या असताना, टीव्हीसमोर पेंगत असताना, हे काम अंधारात अखंड चालू होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. दुपारी हाडांचे डॉक्टर भेटले तेव्हा ते घाईतच म्हणाले की सळई काढायची तर काढू, राहू द्यायची तर राहू दे, शरीराची काही तक्रार नाही. "म्हणजे शरीर हिला परकं समजत नाही?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी चालता चालता मान वळवली आणि तसंही म्हणता येईल, असं म्हणून ते लिफ्टमध्ये शिरले. ती तिथंच उभी राहिली. खूप दिवसांनी तिला आपल्या पायाची भीती वाटेनाशी झाली होती, उलट त्याच्याबद्दल आदर वाटू लागला होता, आणि त्या आदरातच कुठेतरी सायकलचा विचार पुन्हा उठून बसला.

सायकलवरूनच ती पडली होती. घरापासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता नदीवरच्या लांब पुलावरून जायचा, आणि त्याच पुलावरून तिच्या नवऱ्याची बसही जायची, कारण नवरा बसचा ड्रायव्हर आणि हा त्याचा नेहमीचा मार्ग. सकाळी ती आधी निघायची. पुलावर कुठेतरी तो तिला गाठायचा, लांब अंतर ठेवून पुढे जायचा, आणि संध्याकाळी जेवताना आज तुला अमुक खांबाशी मागं टाकलं म्हणून चिडवायचा. वर्षानुवर्षांचा हा खेळ होता. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बस अशीच पुढे गेली आणि दुसऱ्याच क्षणी तिचं पुढचं चाक बर्फाच्या काचेसारख्या पापुद्र्यावर सरकलं. तेव्हा काय झालं ते तिनं पडून राहिलेल्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवून बघितलं होतं. अशा वेळी ब्रेक लावायचा नसतो, अंग सैल ठेवायचं, पाय फिरते ठेवायचे. हे तिला माहीत होतं. पण जन्मभर ती लोकांना एकच सांगत आली होती. श्वास रोखा. हलू नका. दिवसातून किती वेळा म्हणायची याला गणतीच नव्हती, आणि त्या क्षणी तिच्या अंगानं तिचंच ऐकलं. तिनं श्वास रोखला, ब्रेक घट्ट आवळले आणि टेबलावर निजलेल्या पेशंटसारखी ती स्तब्ध झाली. टेबलावर ते ठीक असतं. सायकल मात्र चालती आहे तोवरच उभी असते. नवऱ्यानं ते सगळं बसच्या आरशात बघितलं. भरलेली बस, अरुंद पूल, मागे गाड्यांची रांग. मध्येच थांबणं शक्य नव्हतं. पूल संपवून बस कडेला लावून तो धावत परत आला, पण तोवर जो काही वेळ गेला तो त्याच्या मनातून गेला नाही. "आरशात तू लहान लहान होत गेलीस," असं तो रुग्णालयात एकदाच म्हणाला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही आणि तिनंही काढू दिला नाही.

त्यानंतरचं जवळजवळ सगळं वर्ष ती त्याच्याच बसमधून कामावर गेली. त्याच्या पाठीमागची एकटी जागा तिची ठरून गेली होती. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी तिच्या डोक्यावरच होती आणि तो पाटीबाबत काटेकोर, त्यामुळे नवरा-बायको सकाळची अर्धी वाट मुक्यानं जायची. तिला ते आवडायचंही, उगाच नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. त्याची मान, कानामागचे पांढरे झालेले केस, वळणावर सैल सुटणारं आणि पुन्हा तळव्याखाली येणारं स्टिअरिंगचं ते मोठं चाक हे सगळं इतक्या वर्षांच्या संसारात तिनं एवढं निवांत कधी बघितलं नव्हतं. तो खूश होता. ती पाठीमागं सुखरूप आहे, आरशात मान न वळवता दिसते, यापेक्षा त्याला जास्त काही नको होतं. तिला मात्र पुलावर आल्यावर खिडकीपासून नजर काढवत नसे. खाली सायकलवाले जात असायचे, कानटोप्या ओढून, तोंडातून वाफा सोडत, आणि वारा नेमका कुठून येतो हे त्यांच्या खांद्यांवरून कळायचं. खिडकीच्या आत वारा नव्हता. आत हवा ऊन होती, लोकांच्या ओल्या कोटांचा वास होता, आणि नदी एखाद्या चित्रासारखी मुकाट सरकत जायची. एकदा ती इमारतीच्या तळघरात जाऊन आपली जुनी पोलादी सायकल बघून आली. पडण्यानं सायकलला काही झालं नव्हतं. पण बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर टाकलेलं मीठ हिवाळ्यामागून हिवाळे तिच्या अंगात मुरलं होतं, आणि पेडलच्या वरचा रंग फुगला होता. तिनं तिथं सहज अंगठा दाबला तर रंगाची खपली आत गेली आणि तपकिरी भुगा पडला. धातू पार कुजला होता. ती घाबरून मागे सरली. इतकी वर्षं आपण कशावर बसत होतो!

तर आता एकच गोष्ट होती. तिला हिवाळ्यात पुन्हा स्वतःच्या पायांनी तो पूल ओलांडायचा होता, आणि नवऱ्याच्या मनाविरुद्ध ओलांडायचा नव्हता. म्हणून सुट्टीच्या दिवशी ती त्याला सोबत घेऊनच सायकलच्या दुकानात गेली. तो आला, पण दातांच्या डॉक्टरकडं यावं तसा. दुकानाचा मालक बोलका होता. बाईंना रोज कामावर जायचंय, थंडीतसुद्धा, आणि सुट्टीला नदीपलीकडं लांबवर, एवढं कानावर पडल्यावर स्थळं सुचवणाऱ्या मावशीच्या उत्साहानं तो एकेक सायकल पुढे आणू लागला. प्रत्येकीचे गुण आधी, खोड हळूच शेवटी. कार्बन फायबरची होती, पिसासारखी हलकी. पण उभी करताना कुठे आपटली तर आत काय झालंय ते बाहेरून कळत नाही, हे त्यानं खाली बघून सांगितलं. म्हणजे आठवड्यातून एकदा खात्यात नेऊन फोटो काढावा लागेल, असं तिच्या मनात आलं. ॲल्युमिनियमची ठणठणीत होती, पण खड्ड्यांचा हिशेब ती मनगटांकडून वसूल करायची आणि टवका उडाला की मीठ रंगाखाली शिरायचं. पोलादी तर तिनं घरीच बघून ठेवली होती. मालकानं प्रत्येकीच्या वेळी रुंद टायरांना जागा किती, मडगार्ड बसतात का, ब्रेक डिस्कचे आहेत की जुन्या पद्धतीचे, हे सगळं बोटं घालून दाखवलं. नवरा मागे हात बांधून ऐकत होता. आणि मग तिला भिंतीवरची ती दिसली.

तिला रंगच नव्हता. पावसाळी आभाळाचा असतो तसा राखाडी धातू, उघडाच, ना चकाकी ना चित्रं. नळ्या जिथं जोडल्या होत्या तिथं वेल्डिंगची बारीक, एकसारखी कड होती, कुणी निगुतीनं टाके घालावेत तशी. आणि टाक्यांची रांग तिच्या मांडीवरही होती, म्हणून तिचं बोट आपसूक त्या कडेवरून फिरलं. "हिला रंग द्यायचा राहिला का?" नवऱ्यानं विचारलं. दुकानात शिरल्यापासूनचं त्याचं हे पहिलंच वाक्य. मालक म्हणाला की लागत नाही, टायटॅनियम आहे, मिठानं याला काही होत नाही. तिनं हा राखाडी रंग आधी बघितला होता. ऑपरेशनच्या खोलीत, झाकण काढलेल्या ट्रेमध्ये, लांबीप्रमाणे ओळीनं ठेवलेल्या सळयांचा हाच रंग असायचा. त्या ओळीतली एक तिच्या आत होती आणि या क्षणी तिचं वजन पेलून उभी होती. तिला एकदम फार मोठ्या, शांत जागेत आल्यासारखं झालं. कुठल्या तरी जमिनीत दगड होऊन पडलेला हा धातू; कुणी तो काढला, वितळवला, आणि त्याचं एक टोक हाडात गेलं, एक टोक रस्त्यावर आलं, आणि मध्ये आपण. हे कुणाला बोलून दाखवावं तर वेडी म्हणतील. 

मालकानं सायकल खाली काढून नवऱ्यापुढे धरली. त्यानं ती एका हातानं उचलली आणि त्याचा चेहरा पडला. ज्याचं आयुष्य अवजड गाडी हाकण्यात गेलं त्याला सुरक्षित म्हणजे जड, हे कुणी शिकवावं लागत नाही. "एवढीशी?" तो म्हणाला. "ही तुला काय सांभाळणार?"

"माझ्या मांडीतली सळई याचीच आहे," ती म्हणाली.

नवऱ्यानं सायकल खाली ठेवली. मग त्यानं वरच्या नळीवर तळवा टेकवला, पूर्ण तळवा, आणि तसाच ठेवला. पहाटे डेपोत बसच्या दाराची मूठ धरण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. थंडीतला धातू हाताला कसा डसतो हे त्याला माहीत होतं. तो डसण्याची वाट बघत होता. "गार नाही लागत," तो हळू आवाजात म्हणाला. मालक त्याचं कारण सांगायला तोंड उघडणार होता, तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तो थांबला. नवऱ्याचा हात नळीवर होता आणि नजर तिच्या पायावर, गुडघ्याच्या जरा वर. अपघातानंतर त्यानं तिथं कधी हात लावला नव्हता. दुखेल म्हणून नसेल लावला, असं तिनं इतके दिवस धरून चाललं होतं. आता तिला वाटलं की त्याला त्या धातूचीच भीती वाटत असावी, बायकोच्या आत जाऊन बसलेल्या परक्याची, आणि आज तो त्याला पहिल्यांदा हाताला हात लावून भेटतो आहे.

दुकानामागच्या गल्लीत चालवून बघायचं ठरलं. गल्ली ओली होती, पानं पडलेली होती, आणि वळणावर गटाराचं लोखंडी झाकण चकाकत होतं. ती बसली, पेडल मारलं, आणि सायकल तिच्या अपेक्षेपेक्षा आधीच निघाली. काही क्षण सगळं छान होतं. मग ते झाकण जवळ आलं, आणि श्वास छातीत अडकून बसला. तिनं पाय टेकला. गल्लीच्या तोंडाशी नवरा एक पाऊल पुढे आला आणि थांबला. तिनं ते बघितलं, आणि थांबण्यासाठी त्याला काय करावं लागलं असेल तेही बघितलं. ती सायकल वळवून परत मागे गेली. खात्यात नव्या मुलींची एक हमखास चूक असते. श्वास रोखा म्हणून सांगतात, फोटो काढतात, आणि पुढचं वाक्य म्हणायला विसरतात. बिचारा पेशंट गाल फुगवून लालबुंद होऊन पडून राहतो. धाकटीला यावरून तिनं किती चिडवलं होतं. आणि तिचं स्वतःचं काय झालं होतं? गेल्या हिवाळ्यात त्या पुलावर तिला कुणी पुढचं वाक्य म्हटलंच नव्हतं. ती पुन्हा निघाली, आणि झाकण समोर आलं तेव्हा गल्लीत मोठ्यांदा म्हणाली, "आता श्वास घ्या." स्वतःला अहो-जाहो करतोय हे ध्यानात येऊन तिला हसू फुटलं, हसल्यामुळे श्वास सुटला, पाय फिरत राहिले आणि झाकण कधीच मागे गेलं. मग तिला रस्ता जाणवू लागला. जुन्या सायकलवर तो दातांत यायचा. इथं तो येत होता, पण धार काढून येत होता. टायरमधून, नळीतून, बैठकीतून, हाडातून त्या सळईपर्यंत एक बारीक गुणगुण पोचत होती, आणि कुठे सायकल संपते नि कुठे आपण सुरू होतो ते तिला नीट सांगता आलं नसतं. ती गल्लीच्या टोकाला गेली आणि परत आली आणि पुन्हा गेली. तिला रडावंसं वाटत होतं, आनंदानं की धास्तीनं ते ठरत नव्हतं, पण ते ठरवण्याची गरजही वाटत नव्हती.

ती परत आली तेव्हा नवरा भिंतीला टेकून उभा होता. "घे," तो म्हणाला. मग वाकून त्यानं पुढचा टायर अंगठ्यानं दाबून बघितला. "पण पुलावर तुला मागं टाकून जायला मला सांगू नकोस. ते माझ्यानं व्हायचं नाही."

"मग बस वेळेवर कशी जाणार?"

"बसचं मी बघतो."

मालक मडगार्ड आणि बर्फावर पकड घेणारे बारीक खिळ्यांचे टायर आणायला आत गेला होता. तो येईपर्यंत दोघं तशीच उभी राहिली, मध्ये ती राखाडी सायकल.

आणि थंडी आली. ज्या दिवशी पूल पहिल्यांदा पांढरा झाला त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर उठली आणि मागे न फिरता निघाली. कठड्यांवरचं दव गोठलं होतं, दिव्यांभोवती धुकट कडी होती, मिठाची गाडी जाऊन गेल्यामुळे रस्ता मध्ये काळा आणि कडेला करडा होता. खिळे बर्फात कुरकुरत होते. नदीवरून येणारा वारा तिला ओळखीचा होता, आणि त्यानं तोंडावर पहिली चपराक दिली तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की ती मनातल्या मनात त्याला काय रे, असं म्हणाली. मग मागून बसचा आवाज आला. तो कुठल्याही गर्दीत तिला ओळखता आला असता. आवाज जवळ आला, आणि तिथंच राहिला. बस पुढे जाईना. इंजिन अगदी खालच्या आवाजात घुरघुरत होतं, तिच्याच चालीनं, आणि दिव्यांचा पिवळा उजेड तिच्यापुढे तिची सावली अंथरत होता. आत सगळे तिच्या ओळखीचे होते, कामावर वेळेत पोचायला हवं असलेले. त्यांच्यामागे गाड्या तुंबल्या असतील, कुणीतरी हॉर्नही दिला. तो ऐकत नव्हता. एवढी मोठी गाडी तो चालत्या माणसाच्या वेगानं धरून होता, तिच्यासाठी, भर सकाळी, सगळ्यांच्या शिव्या खात. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. पुढचं चाक एकदा जरा सरकलं. तिचे पाय फिरत राहिले, चाक जागेवर आलं, आणि मागे इंजिनही क्षणभर अडखळलं. त्यानं बघितलं होतं. तेव्हा तिनं कडेला थोडी जागा करून दिली, हॅण्डलवरचा एक हात काढला, आणि पुढे जा, असं दाखवलं.

काही झालं नाही. तिनं हात तसाच धरून ठेवला. गार वाऱ्यात बोटं बधिर होऊ लागली तरी तिनं तो खाली घेतला नाही, कारण आज तो पुढे गेला नाही तर कधीच जाणार नव्हता, आणि ती जन्मभर त्याच्या दिव्यांच्या उजेडात सायकल चालवत राहिली असती. मग इंजिनचा आवाज बदलला. बस बाजूनं आली, होता होईल तेवढी लांबून, इतकी हळू की खिडक्यांमधला एकेक चेहरा तिला ओळखता आला. ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा रिकामी होती. मग तिनं वर बघितलं, तर पुढे गेलेल्या आरशात तो होता. तो रडत होता. रस्त्याकडं बघत, दोन्ही हात चाकावर नीट ठेवून, पाटीवरचा नियम पाळणाऱ्या माणसासारखा सरळ बसून तो रडत होता, आणि तरी बस पुढे नेत होता. एका माणसाला एवढं करता येतं, हे बघून तिचा ऊर भरून आला. बस पुढे गेली. तिचे ब्रेकचे लाल दिवे एकदाही पेटले नाहीत. पुलाच्या चढावरून ती लहान लहान होत गेली आणि पलीकडं उतरली. ती दिसेनाशी होईपर्यंत तिनं बघितलं. अजून अर्धा पूल बाकी होता, आणि ती पेडल मारत होती.